स्लॉट आहे, कार्ड नाही

बोईसरात तक्रारीच्या विषयांना तोटा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि पहिला नंबर आला. पहिला नंबर येऊनही नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला नाही, अशी ही आमच्या इतिहासातली एकमेव घटना असावी. त्याखेरीज मध्यरात्री कुठून तरी येणारा वास आहे, पावसाळ्यातला नवापूर नाका आहे, सकाळची डहाणू लोकल आहे आणि आता वाढवणचे बंदर आहे. पण हे सगळे विषय मोठ्या माणसांनी आधीच वाटून घेतलेत. त्यांच्यावर मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, निवेदन देतानाचे फोटो छापून येतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, पुढे कोळगावला भलेमोठे जिल्हा मुख्यालय उभे राहिले. तरी लॅपटॉपच्या डाव्या अंगाला असणाऱ्या कार्डाच्या स्लॉटबद्दल तिथे एकही अर्ज गेल्याचे ऐकिवात नाही. म्हणून हे लिहावे लागते आहे.

हा स्लॉट काय प्रकार होता ते नव्या पोरांना सांगायला हवे, कारण त्यांच्या लॅपटॉपला आता बाजूच उरलेली नाही, नुसती धार आहे. १९८९ साली अमेरिकेत काही कंपन्यांनी मिळून पीसीएमसीआयए नावाची संघटना काढली आणि वर्षभरात एका कार्डाचे मोजमाप ठरवून टाकले. लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एटीएम कार्डाएवढे. जाडी तीन तऱ्हेची: ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर. स्लॉटच्या आत अंधारात चौतीस-चौतीसच्या दोन रांगांत ६८ पिना. डेस्कटॉपचे झाकण उघडून त्यात हवे ते कार्ड बसवता येते, लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून ही बाहेरून खुपसायची सोय. मोडेम हवा? कार्ड खुपसा. नेटवर्क हवे? ते काढा, दुसरे खुपसा. टीव्ही बघायचाय, स्कझीची हार्ड डिस्क जोडायचीय, कॅमेऱ्याचे फोटो उतरवायचेत, सगळ्याला एकच वाट. कागदावर योजनेत खोट काढायला जागा नव्हती.

प्रत्यक्षात माझ्या पाहण्यातल्या बहुतेक लॅपटॉपांच्या स्लॉटमध्ये जन्मभर एकच कार्ड राहिले. ते म्हणजे धूळ जाऊ नये म्हणून कंपनीने घालून दिलेला प्लॅस्टिकचा तुकडा. त्याला डमी म्हणत. शेजारी एक बटण असे. एकदा दाबले की बटण बाहेर येई, पुन्हा दाबले की डमी बाहेर येई, ढकलली की आत जाई. मीटिंगमध्ये या बटणाइतके काम दुसऱ्या कुठल्याच उपकरणाने केलेले नाही. सेफ्टी ऑडिटची मीटिंग चालू असायची, समोर मागच्या महिन्यातल्या त्याच त्या सहा त्रुटी, आणि टेबलाच्या चारी बाजूंनी टक्, टक्, सर्रर्र. प्लांट मॅनेजरांची डमी साहजिकच सगळ्यांत आधी हरवली.

हरवलेल्या डमीच्या जागी काय घालायचे, हा प्रश्न तारापूर एमआयडीसीने सोडवला. इथे रोज कोणी ना कोणी सेल्समन येतो. पंपाचा, गॅस्केटचा, व्हॉल्व्हचा, अग्निशमनाच्या नळकांड्याचा. प्रत्येक जण व्हिजिटिंग कार्ड ठेवून जातो, आणि व्हिजिटिंग कार्डाची रुंदी या स्लॉटमध्ये निर्वेध जाते. दोन-तीन कार्डे एकावर एक ठेवली की जाडीही जमते. एका पंपवाल्याचे कार्ड मी वर्षानुवर्षे स्लॉटमध्ये बाळगले. ज्या दिवशी खरोखर पंप बिघडला त्या दिवशी त्याचा नंबर हाताशी होता. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र बसून आखलेल्या योजनेतून मला झालेला हा पहिला व्यवहारी लाभ.

दुसरा लाभ व्हायचा होता तो इंटरनेटचा. २००५-०६ च्या सुमारास सीडीएमएवाल्यांची डेटा कार्डे निघाली. कार्ड स्लॉटमध्ये जाई आणि बोटभर भाग बाहेर राही, त्यावर उभी करायची एक चिमुकली अँटेना. तेव्हा विरारच्या पुढे लोकल नव्हती, ती १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत आली. त्याआधी शटल किंवा मेल-एक्स्प्रेसचा पासवाल्यांचा डबा, हेच आमचे ऑफिस. त्या डब्यात मांडीवर लॅपटॉप उघडणे म्हणजे चौथ्या सीटवर बसलेल्याने कोपर पसरणे, आणि तो गुन्हा पालघरच्या ग्रुपमध्ये सहज माफ होत नसे. अँटेना नेमकी शेजाऱ्याच्या बरगडीत जाई. शेजारी पत्ते पिसता पिसता विचारी, ‘‘साहेब, यातून पैसे निघतात का?’’ नाही म्हटल्यावर त्याचा त्या यंत्रातला रस संपे, बरगडीतला मात्र संपत नसे.

सफाळ्यापर्यंत मेल उघडत असे. मग वैतरणा खाडीवरचे ९३ आणि ९२ नंबरचे पूल. वैतरणेच्या पलीकडे गेलेले परत येत नाही असे शास्त्रच आहे, आणि नेटवर्क एवढे एक शास्त्र कसोशीने पाळी. मेल अर्धा गेलेला, बिल पुरते आलेले. कार्ड एवढे तापायचे की थंडीत हाताला बरे वाटे. हा उपयोगही नोंदवून ठेवतो.

इथवर जे झाले ते कोणत्याही गावी झाले असते. बोईसरचे वेगळे आहे. या स्लॉटची खरी गरज देशात ज्या थोड्या लोकांना होती त्यातले बरेचसे आमच्या वसाहतीत राहत होते, आणि हे कोणी लक्षातच घेतले नाही. रंगाचा कारखाना असो, औषधाचा असो, कापडाचा असो, रिअ‍ॅक्टर किती तापवायचा, वाफेचा व्हॉल्व्ह कधी मिटायचा, हे पॅनेलमधला पीएलसी ठरवतो. त्याच्यात बसवलेला प्रोग्रॅम पाहायचा, बदलायचा, तर लॅपटॉप त्याला जोडावा लागतो, आणि तो लॅपटॉपच्या भाषेत बोलत नाही. सीमेन्सच्या एस७-३०० ला एमपीआय नावाची आपली स्वतःची वाट, वेग १८७.५ किलोबिट. त्यासाठी सीपी ५५११ नावाचे पीसीएमसीआयए कार्ड असे, पुढे सीपी ५५१२ आले. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या जुन्या पीएलसीला वेगळे, १७८४-पीसीएमके. कार्डाला एक पातळ केबल, केबलच्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर, तो पीएलसीच्या पोटात. पॅनेलसमोर उलटी बादली ठेवून तिच्यावर बसायचे, लॅपटॉप मांडीवर, बाहेर लोंबणाऱ्या केबलला कोणाचा पाय लागू नये म्हणून एक हेल्पर राखणीला. हा हेल्पर बिलात ‘तंत्रज्ञ’ म्हणून लागतो.

आता तक्रारीचे मूळ. पीएलसी एकदा बसला की वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. हलवावासा वाटत नाही, कारण चालू प्रोसेस बंद करायची कोणाची छाती नसते. शेजारच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट १९६९ साली वीज देऊ लागली. तेव्हापासून या भागात यंत्र टिकवायची सवयच लागली आहे. लॅपटॉप मात्र तीन-चार वर्षांत बदलतो, आणि प्रत्येक वेळी बदलताना स्लॉट बदलतो.

पहिले कार्ड १६ बिटांचे होते. १९९५ मध्ये ३२ बिटांचे कार्डबस आले. दिसायला तेच, मोजमाप तेच, फक्त टोकाला सोनेरी पट्टी आणि तिच्यावर आठ उंचवटे. जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये जाते, नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये जात नाही. जाऊ नये म्हणून मुद्दाम खाच ठेवलेली. साहजिकच ज्या कारखान्याने नवे कार्ड घेतले त्याच्याकडे लॅपटॉप जुना निघाला, आणि ज्याने नवा लॅपटॉप घेतला त्याला कार्डाचे बजेट पुढच्या वर्षी मंजूर झाले. पुढच्या वर्षापर्यंत लॅपटॉप जुना झाला. हा हिशोब २००३ पर्यंत जेमतेम जुळत आला होता, तेवढ्यात एक्स्प्रेसकार्ड जाहीर झाले.

एक्स्प्रेसकार्डवाल्यांनी जुने सगळे पुसून टाकले. पिना २६, लांबी ७५ मिलिमीटर, आणि रुंदी एक नव्हे दोन: ३४ आणि ५४. मागचे कोणतेही कार्ड यात जात नाही. चौतीसचे कार्ड चोपन्नच्या स्लॉटमध्ये जाते. मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरासारखे ते आत हलत राहते. चोपन्नचे कार्ड चौतीसमध्ये जात नाही हे सांगायला नको. आता या नव्या स्लॉटमध्ये लोकांनी काय घालावे? एका मोठ्या अमेरिकी कंपनीने त्यात टीव्हीचा रिमोट ठेवून दिला. खोटे नाही, एचपीच्या पॅव्हिलियन लॅपटॉपांबरोबर स्लॉटमध्ये बसणारा चपटा रिमोट मिळत असे. डेलनेही तसा काढला. लॅपटॉपसमोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला रिमोट कशाला, हे विचारणारा त्यांच्याकडे कोणी नसावा. त्याच सुमारास मोगो नावाचा चपटा माउस आला होता, तो जुन्या पीसी कार्डाच्या स्लॉटमध्ये शिरून चार्ज होई. म्हणजे ज्या भोकातून आम्ही रिअ‍ॅक्टर चालवत होतो त्यात जगाने माउस निजवला.

आमच्या ठिकाणी याचा परिणाम असा झाला, आणि शेजारच्या दोन-तीन प्लॉटवरही तोच आहे, की एक म्हातारा लॅपटॉप मरू द्यायचा नाही असे ठरले. त्यात विंडोज एक्सपी आहे. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्याची बातमी या लॅपटॉपपर्यंत पोहोचलेली नाही, कारण त्याला इंटरनेट लावायचे नाही असा लेखी आदेश आहे. बॅटरी मेलेली, त्यामुळे चार्जरची वायर निघाली की तोही जातो. बिजागरी एमसीलने जोडलेली. ‘एच’ हे अक्षर दाबले की दोनदा उमटते. पण त्याच्या डाव्या कुशीत खरा स्लॉट आहे आणि स्लॉटमध्ये खरे कार्ड आहे. स्टोअरच्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तो राहतो. त्याची किल्ली दोघांकडे. त्यातला एक रजेवर असतो.

शेजारचे कारखाने तो मागायला येतात. मागणीचा फोन रात्री येतो, कारण पीएलसी रात्रीच बिघडतो. मग आरजीपी फाडायची. आरजीपी म्हणजे परत येणाऱ्या मालाचा गेटपास. वस्तूचे नाव, नग, सीरियल नंबर, कशासाठी, परतीची तारीख. गेटवरचे काका चष्मा लावून एकेक ओळ वाचतात.

‘‘लॅपटॉप एक, चार्जर एक, कार्ड एक. कार्ड कुठाय?’’

‘‘आत आहे, काका.’’

‘‘आत मंजे?’’

‘‘लॅपटॉपच्या आत.’’

‘‘मंग वेगलं कशाला लिवलंस?’’

‘‘वेगळी वस्तू आहे. वेगळी बिलावर आली.’’

‘‘दाखव.’’

बटण दाबायचे, पुन्हा दाबायचे, कार्ड काढायचे. काका ते उलटेसुलटे करतात, सीरियल नंबर मुंगीच्या अक्षरांत आहे, तो टॉर्च लावून जुळवतात. कार्ड आत जाते तेव्हा डमी बाहेर असते, ती माझ्या खिशात. काकांची नजर खिशावर.

‘‘आनि हे?’’

‘‘ते काही नाही. प्लॅस्टिक आहे.’’

‘‘काय नाय तं मंग आरजीपीवं का नाय?’’

या प्रश्नाला उत्तर नाही. काकांनी स्वतःच्या हाताने चौथी ओळ लिहिली: ‘प्लॅस्टिक कार्ड (चालत नाय) – १ नग.’ तेव्हापासून ती डमी या नावाने बाहेर जाते आणि याच नावाने आत येते. समोरच्या कारखान्याच्या गेटवरही तिची आवक-जावक होते. एकदा ती तिकडच्या पॅनेलवर राहिली, तर लॅपटॉप आत घेतला आणि मला गेटवर बसवून ठेवले. चालत नाही अशी दुसरी कोणतीही वस्तू आमच्याकडे इतक्या काटेकोरपणे सांभाळली जात नाही.

सिलिका जेलचे कारण सांगायला हवे. आयएसए ७१.०४ नावाचे एक प्रमाण आहे. कंट्रोल रूममधली हवा इलेक्ट्रॉनिक्सला कितपत सोसेल हे मोजायला त्यात तांब्याची पट्टी महिनाभर टांगून ठेवतात आणि तिच्यावर चढलेला गंज मोजतात. ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर जी१, म्हणजे सुखाची हवा. मग जी२, जी३, आणि २००० च्या पुढे गेले की जीएक्स. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आमच्याकडे यासाठी पट्टी टांगायची गरज पडत नाही. लॅपटॉप आठवडाभर कपाटाबाहेर राहिला की स्लॉट स्वतःच निकाल देतो. कार्ड लागते, निघते, पुन्हा लागते, स्क्रीनवर ‘नवे हार्डवेअर सापडले’ असा फुगा येतो, लगेच विरतो, पुन्हा येतो. पिनांवर सोन्याचा मुलामा असतो म्हणे. तो मुलामा देणाऱ्याने बोईसरला रात्रपाळी केलेली नसणार. रॅमच्या पट्टीवरचा काळेपणा खोडरबरने जातो. इथे ६८ पिना खोल बोगद्यात, खोडरबर पोहोचत नाही, ब्रश पोहोचत नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा तेवढा पोहोचतो आणि बराचसा नाकात येतो. एखादी पिन वाकली तर डोक्याला टॉर्च, हातात शिवणाची सुई, आणि आजूबाजूला कोणी शिंकू नये एवढी अपेक्षा. पर्यावरण खात्याला सवलतीच्या दरात हवामापक म्हणून हा स्लॉट वापरता येईल. प्रस्ताव तयार आहे, विचारलेले नाही.

तुम्ही म्हणाल, यूएसबी आहे ना. हे वाक्य मला आयटीवाले पोरगे सांगते, खरेदी विभाग सांगतो, आणि दिवाळीत घरी आलेला मेहुणाही सांगतो. आहे, यूएसबी आहे. पीएलसीसाठी यूएसबीचे अ‍ॅडॅप्टरही निघाले आहेत आणि त्यांची किंमत ऐकली की खरेदीवाले आपसूक म्हाताऱ्या लॅपटॉपच्या बाजूने बोलू लागतात. पण सगळा माल पीएलसी नसतो. गेटवरच्या वजनकाट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ बोलतो. टँकर भरला किती आणि उतरला किती, हे त्याच्यावर ठरते. बॉयलरजवळचा जुना रेकॉर्डर, पीएच मीटरचा लॉगर, दोन ड्राइव्ह, सगळे आरएस-२३२. त्यासाठी लॅपटॉपला पूर्वी नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असे, तो कधीचाच गेला. तो गेला तेव्हा स्लॉटमध्ये सीरियल पोर्टचे कार्ड घालून आम्ही वेळ निभावली होती. एक्स्प्रेसकार्डवरचा पोर्ट संगणकाला खराखुरा पोर्ट वाटायचा. मग स्लॉटही गेला.

राहिला यूएसबीतून सीरियल काढणारा कन्व्हर्टर. बोईसरात तो निळ्या पारदर्शक केबलच्या रूपात मिळतो. दुकानदाराला ‘ओरिजिनल चिप आहे का’ विचारले की तो ‘ओरिजिनलच आहे, कॉपीपण ओरिजिनल आहे’ असे सांगतो. घरी येऊन लावला की संगणक म्हणतो, हा कॉम १७. काट्याच्या सॉफ्टवेअरमधली यादी कॉम ४ ला संपते. दुसऱ्या भोकात लावला की कॉम १८. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन त्याला कॉम २ करता, सगळे चालते, मग कोणीतरी मोबाइल चार्ज करायला तो उपटतो आणि भलत्या भोकात परत लावतो. रांगेत उभा टँकर हॉर्न देतो.

हे कमी होते म्हणून २०१४ च्या ऑक्टोबरात जगात आणखी एक प्रकार झाला. एफटीडीआय ही या चिपा बनवणारी स्कॉटलंडची कंपनी. तिच्या नकली चिपांनी बाजार भरला होता. विंडोजच्या अपडेटमधून तिचा नवा ड्रायव्हर आला आणि तो नकली चिप ओळखून तिची ओळखसंख्याच शून्य करून टाकू लागला. सकाळपर्यंत चालणारा कन्व्हर्टर दुपारी कोणालाच ओळखू येईना. आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. भांडण होते चिप बनवणाऱ्याचे आणि चिप नकलणाऱ्याचे. हातात मेलेली केबल घेऊन उभा होता तो तिसराच माणूस. इंटरनेट न लावलेल्या म्हाताऱ्या लॅपटॉपला यातले काही कळलेही नाही.

भोकांची टंचाई फक्त कारखान्यांची नाही. पालघरच्या कुठल्याही सेवा केंद्रात दाखला काढायला जा. ऑपरेटर पोरीच्या लॅपटॉपला दोन किंवा तीन यूएसबी. बोटांचे ठसे घेणारे यंत्र एकात, डिजिटल सहीचे टोकन एकात, प्रिंटर एकात. वेबकॅम आला की प्रिंटर उपटायचा. फोटो झाला की वेबकॅम उपटून टोकन. सही झाली की टोकन उपटून प्रिंटर. हब लावला होता, हबमध्ये टोकन लावले की सही होत नाही असे तिने सांगितले. ‘‘काका, एकदा परत अंगठा ठेवा,’’ असे ती प्रत्येकाला म्हणते, कारण मधल्या उपटाउपटीत यंत्र झोपी गेलेले असते. एकेकाळी या लॅपटॉपच्या बापाला असा स्लॉट होता की ज्यात चार यूएसबी देणारे कार्ड बसत असे. त्यात तेव्हा डमी होती.

स्लॉट काढला कोणी आणि का, याचा खुलासाही झालेला आहे. अ‍ॅपलने २००६ साली मॅकबुक प्रोला एक्स्प्रेसकार्ड दिले, आणि २००९ साली पंधरा इंचीवरून ते काढून फोटोच्या एसडी कार्डाचा स्लॉट बसवला. कारण सांगितले की वापरणारे फारच थोडे आहेत. थोडे होते हे खरे, पण ते थोडे कोण, याची चौकशी करायला कोणी बोईसर स्टेशनवर उतरले नाही. पीसीएमसीआयए संघटनेनेही २००९ मध्येच गाशा गुंडाळला आणि तिचा सगळा कारभार यूएसबीवाल्यांच्या संस्थेकडे सोपवला. ज्याने मारले त्यालाच वारसा, हा सातबारा आमच्या तालुक्यात पुष्कळांनी पाहिला आहे. पुढे अ‍ॅपलने २०१६ मध्ये तो एसडीचा स्लॉटही काढला आणि २०२१ मध्ये ‘आणला हो’ म्हणून परत बसवला. त्याच वर्षी फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने लॅपटॉपच्या बाजूला हवे ते कार्ड सरकवता येईल असे कप्पे काढले, आणि लोकांनी फार नवी कल्पना म्हणून टाळ्या वाजवल्या. मोजमाप अर्थातच नवे. सीपी ५५१२ त्यात जात नाही.

आमचा यंदाचा नवा लॅपटॉप सुंदर आहे. वजन सव्वा किलो. दोन टाइप-सी भोके, त्यातले एक चार्जरला. दुसऱ्यात हब, हबमध्ये कन्व्हर्टर, कन्व्हर्टरपुढे एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शनपुढे नऊ पिनांचा अ‍ॅडॅप्टर, कारण नर-मादीचे जमत नाही. हे सगळे पॅनेलपाशी लोंबते ते धरायला आता दोन हेल्पर लागतात. या जोडाजोडीच्या सामानासाठी वेगळी पिशवी शिवून घेतली. पिशवी लॅपटॉपपेक्षा जड आहे. काकांनी तिच्यासाठी आरजीपीचे दुसरे पान जोडले.

खरेदी विभागाकडे मी रीतसर इंडेंट टाकला होता: ‘पीसी कार्डाचा स्लॉट असलेला लॅपटॉप, १ नग.’ तो शेरा मारून परत आला: ‘किमान तीन कोटेशन जोडावीत.’ तीन सोडा, एकही कंपनी तो बनवत नाही असे मी लिहिले, तर खाली दुसरा शेरा: ‘मग सिंगल व्हेंडरचे समर्थन जोडावे.’ वापरलेले लॅपटॉप विकणाऱ्याला विचारले, तर त्याच्याकडे होते दोन. दोन्हींच्या स्लॉटमध्ये व्हिजिटिंग कार्डे.

म्हातारा लॅपटॉप लेखा विभागाच्या रजिस्टरला एक रुपया किमतीने उभा आहे. तो एक रुपया निकालात काढण्याचा प्रस्ताव दरवर्षी मार्चमध्ये येतो. आता ई-कचऱ्याचे नियम आहेत, भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकून भागत नाही, नोंदणी असलेल्या रिसायकलरला द्यावा लागतो, त्याची गाडी, त्याचे प्रमाणपत्र, सगळे ठरते. आणि दरवर्षी मार्चमध्येच, टार्गेटसाठी सगळे प्लांट रात्रंदिवस पळत असताना, वसाहतीतला कुठला तरी पीएलसी बसतो. रिसायकलरचा टेम्पो गेटवर येतो तेव्हा लॅपटॉप शेजारच्या प्लॉटवर गेलेला असतो, आणि काका टेम्पोवाल्याला आरजीपीची स्थळप्रत दाखवून परत पाठवतात.